केमोच्या गोळ्या घरी घेताना

केमोथेरपी म्हटले की डोळ्यांसमोर दवाखान्यातली खाट, सलाईनची बाटली आणि शेजारी उभी असलेली नर्स येते. कुपवाडच्या माणसाला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शेजारचे मिरज शंभर वर्षांहून अधिक काळ दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि तिथे कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालयही आहे. पण आता बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत वेगळे घडते. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पाहतात, गोळ्या लिहून देतात आणि सांगतात, "घरीच घ्या, तीन आठवड्यांनी दाखवायला या." घरच्यांना हायसे वाटते. सुई नाही, सलाईन नाही, म्हणजे औषध हलके असणार.

भगिनींनो, हा समज आधी मनातून काढा. आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी कॅपेसिटाबिन ही गोळी घ्या. पोटात गेल्यावर तिचे ५-एफयू हे औषध तयार होते, आणि तेच ५-एफयू इतर रुग्णांना सलाईनमधून देतात. म्हणजे औषध तेच. बदलले ते एवढेच की नाव तपासणे, डोस मोजणे, वेळ पाळणे, रुग्णावर नजर ठेवणे आणि त्रास दिसताच औषध थांबवणे ही नर्सची कामे आता घरच्यांच्या हाती आली.

गोळ्यांचे औषध म्हणजे कमी प्रतीचे, असाही समज नको. मावा, गुटखा आणि तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्या भागात नवा नाही. असा कर्करोग उलटला किंवा पसरला आणि शस्त्रक्रिया शक्य नसली, तर काय द्यावे याचा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ४२२ रुग्णांवर केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. काहींना सलाईनमधून सिस्प्लाटिन दिले, तर काहींना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या. गोळ्या घेणारे रुग्ण थोडे जास्त जगले आणि त्यांच्यात तीव्र त्रासाचे प्रमाणही कमी होते. मात्र हा फायदा गोळ्या ठरवून दिल्याप्रमाणे घेतल्या तरच मिळतो.

वेळापत्रक हेच औषध

प्रत्येक गोळीचा नियम वेगळा असतो. शेजारणीच्या नियमावर आपली गोळी घेऊ नये.

कॅपेसिटाबिन बहुधा दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर घेतात. साधारणपणे १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी असते. त्या सुट्टीत रक्तातल्या पेशी आणि आतड्याचे अस्तर भरून येते. "गोळ्या उरल्यात, घेऊन टाकू" असे करणे धोक्याचे आहे.

वर सांगितलेल्या उपचारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. संधिवाताच्या रुग्णांनाही ते आठवड्यातून एकदाच देतात. तीच गोळी चुकून रोज घेतल्याने जगभर माणसे दगावली आहेत. म्हणून डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. जुम्मा ठरला तर उत्तम, तो आपल्या घरात कोणी विसरत नाही.

रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगातली इमॅटिनिब ही गोळी रोज, जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घेतात. ती चालू असताना पपनस, चकोतरा ही फळे टाळावीत, कारण त्यांच्यामुळे औषधाचे रक्तातले प्रमाण वाढू शकते.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर मनाने दुसरी घेऊ नये. फोन करून विचारावे.

समजा, मुलगा एमआयडीसीत पाळीने कामाला जातो. या आठवड्यात सकाळी, पुढच्या आठवड्यात रात्री. कधी तो अम्मीला गोळी देतो, कधी सून देते. दोघांनीही दिली तर? किंवा दुसऱ्याने दिली असेल म्हणून कोणीच दिली नाही तर? यावर साधा उपाय आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगवेगळ्या रंगांनी भरा. गोळी गिळली की लगेच त्या चौकटीत खूण करा. जबाबदारी शक्यतो एकाच माणसावर ठेवा.

हात लावताना

ही औषधे वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात, म्हणून निरोगी माणसाने त्यांचा स्पर्श टाळावा. रुग्णाने स्वतः गोळी घ्यावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. दुसऱ्याने द्यायची असेल तर हातमोजे घालावेत, किंवा गोळी तळहातावर न घेता बाटलीच्या झाकणात काढून द्यावी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने या गोळ्या हाताळू नयेत. सून गरोदर असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. उपचार चालू असताना गर्भ राहू नये, याबद्दल पतिपत्नींनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

गिळता येत नाही म्हणून गोळी खलबत्त्यात कुटू नये, तोडू नये, कॅप्सूल उघडू नये. डॉक्टरांना सांगावे, ते दुसरा मार्ग काढतात. गोळ्या मूळ पाकिटातच, कुलपात, मुलांच्या हाताबाहेर आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवाव्यात. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांच्या डब्यात त्या मिसळू नयेत. उरलेल्या गोळ्या संडासात किंवा घंटागाडीत टाकू नयेत, रुग्णालयात परत न्याव्यात.

औषधाचा काही भाग लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो. गोळ्या चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ तास संडासात दोनदा भरपूर पाणी टाकावे, शिंतोडे उडू देऊ नयेत. खराब झालेले कपडे आणि चादरी हातमोजे घालून वेगळ्या धुवाव्यात.

पण यातून भलता अर्थ काढू नका. कर्करोग शिवल्याने होत नाही. रुग्णाची खोली आणि ताटवाटी वेगळी करण्याचे कारण नाही. एका दस्तरखानावर बसून जेवावे, नातवंडांनी दादीच्या कुशीत झोपावे. खबरदारी गोळीपासून घ्यायची आहे, माणसापासून नाही.

त्रास लपवू नका

घरच्या केमोत सर्वांत मोठा धोका मुकाट्याने सोसण्याचा आहे. औषध बंद करतील या भीतीने रुग्ण जुलाब सांगत नाही. बायका तर घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प राहतात. सब्र म्हणजे आजाराला धीराने सामोरे जाणे, त्रास दडवणे नव्हे. काही जणांच्या शरीरात कॅपेसिटाबिन निष्क्रिय करणारे एन्झाइम कमी असते. अशांना पहिल्या काही दिवसांतच जिवावर बेतू शकते. म्हणून पहिल्या फेरीत रोज विचारपूस करा.

नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब, रात्री उठून शौचास जावे लागणे, दिवसातून एकापेक्षा जास्त उलट्या, खाता न येण्याइतके तोंड येणे, तळहात-तळपाय दुखणे किंवा फोड येणे, यांपैकी काहीही झाले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखले, किंवा ताप १००.४ अंश फॅरेनहाइट वा त्याहून जास्त झाला, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. पॅरासिटामॉल देऊन ताप दडपू नका. तळहातावर मेंदी असेल तर सुरुवातीची लाली दिसत नाही, म्हणून जळजळ होते का ते विचारत राहा.

रक्त पातळ करणारी गोळी, फिटची गोळी, दुकानातून आणलेली वेदनाशामके, व्हिटॅमिन, काढे, कलौंजीचे तेल, जे काही चालू असेल ते सगळे डॉक्टरांना सांगा. कॅपेसिटाबिनबरोबर साधे फॉलिक अ‍ॅसिडसुद्धा त्रास वाढवू शकते. मेथोट्रेक्सेटबरोबर मात्र अनेकदा डॉक्टरच ते लिहून देतात. म्हणून मनाने ठरवू नये.

रमजान आला तर

दोन वेळच्या गोळ्या सहेरी आणि इफ्तारला बसतील, असा हिशोब घरी करू नये. जुलाब-उलट्यांत दिवसभर पाणी नसेल तर मूत्रपिंडावर ताण येतो. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे. रोजे नंतर पूर्ण करता येतात, आणि आजार लांबणारा असेल तर फिदयाचा मार्ग आहे. रमजानपूर्वीच आधी डॉक्टरांना आणि मग आपल्या आलिमांना विचारा. सवलत घेतल्याने रुग्णाचा ईमान कमी होत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी त्याला सांगावे.

पुढच्या वेळी गोळ्या घेऊन दवाखान्यातून निघण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या: औषधाचे नाव, एका वेळी किती गोळ्या, कोणत्या दिवशी, जेवणाआधी की नंतर, आणि रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. पाचवी गोष्ट मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो.