चंद्राने शिकवलेला धडा

ईदचा चंद्र पाहायला आपण सगळे गच्चीवर धावतो. कोजागरीला लोक चांदण्यात बसून दूध पितात. चौदाव्या रात्रीच्या चंद्रावर काळे डाग दिसतात. कोणी त्यांना ससा म्हणतो, कोणी चरखा चालवणारी म्हातारी. या गोष्टी गोड आहेत. पण माझ्या मते चंद्राची खरी गोष्ट त्यांहूनही गोड आहे.

गॅलिलिओने १६०९ साली दुर्बिणीतून चंद्र पाहिला. त्याला तेथे डोंगर आणि खड्डे दिसले. हे खड्डे म्हणजे ज्वालामुखींची तोंडे आहेत, असे अनेक विद्वान पुढे बराच काळ मानत होते. नंतर पुरावे मिळाले आणि मत बदलले. बहुतेक खड्डे आकाशातून आदळलेल्या दगडांमुळे पडले आहेत. काळ्या डागांना 'समुद्र' असे नाव पडले. पण तेथे पाणी नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी तेथे लाव्हा पसरला आणि थंड होऊन त्याचा काळा दगड झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही याच जातीचा, म्हणजे बेसाल्ट आहे.

चंद्र जन्मला कसा? कोणी म्हणे, तो पृथ्वीपासून तुटला. कोणी म्हणे, पृथ्वीने त्याला वाटेत पकडले. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी सुमारे ३८२ किलो दगडमाती आणली. ती तपासल्यावर विचार पुन्हा बदलला. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मलब्यातून चंद्र तयार झाला, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा चंद्रावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, असेही ते म्हणतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चंद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्याच्या 'प्रज्ञान' गाडीने तपासलेल्या मातीनेही या विचाराला बळ दिले.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहा. तेही ज्वालामुखीचे तोंड असावे, असे पूर्वी अनेकांना वाटे. तो अशनी आदळून बेसाल्टमध्ये पडलेला खड्डा आहे, हे १९७३ साली पुराव्यानिशी दाखवण्यात आले. म्हणूनच चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार मोलाचे वाटते.

काही लोक विचारतात, "शास्त्रज्ञ सारखे मत बदलतात. मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" मला उलट वाटते. मनाला येईल तेव्हा मत बदलणे हा चंचलपणा आहे. पण पुरावा पाहून मत बदलणे हा प्रामाणिकपणा आहे. आपण मात्र वर्गात किंवा घरी वाद झाला की चूक कळूनही हट्ट सोडत नाही. "माझे चुकले" असे म्हणायला आपल्याला लाज वाटते.

मित्रांनो, आज रात्री चंद्र दिसला तर त्याचे डाग नीट पाहा. एका दगडाच्या तुकड्यापुढे मोठमोठ्या विद्वानांनी आपले मत सोडून दिले. मग खरी गोष्ट समोर आल्यावर आपण का अडून बसावे?