संत्र्याच्या चकत्यांची नाताळ सजावट: ड्रायर घेण्याआधी हा हिशोब मांडा

डिसेंबर जवळ आला की मोबाईलवर तेच ते रील फिरायला लागतात. संत्र्याच्या गोल पातळ चकत्या, वाळून रंगीत काचेसारख्या झालेल्या, सुतळीत ओवलेल्या, मधे दालचिनीची कांडी आणि एखादी लवंग. खिडकीत टांगल्या की उजेड आरपार जातो. आपल्या वरुड-मोर्शीत, काटोल-नरखेडात हे बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो म्हणजे, अरे, ही तर आपल्याकडे कॅरेटनं पडून असतात!

विचार चुकीचा नाही. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतं, म्हणजे नाताळच्या तोंडावरच. त्यातलं मोठं फळ व्यापारी उचलतो आणि बारीक, म्हणजे चुरी, मागं राहते. पूर्वी आपला माल घेणारं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश होतं. तिथल्या सरकारनं आयात शुल्क वाढवत नेलं, 2023 मध्ये ते किलोमागे 88 टक्यांवर गेलं आणि निर्यात घसरली. तो माल देशातल्या बाजारात आला, भाव पडले आणि चुरीला तर कोणी विचारेना. अशा वेळी कोणी म्हणालं की चुरीच्या चकत्या करा, एकेक तोरण दीडशे रुपयांना जातं, तर कान टवकारणारच.

पण याच घाईत ड्रायर घेतले जातात, त्यासाठी गटाच्या नावावर कर्ज उचललं जातं. म्हणून उत्तर आधीच सांगतो. या सजावटीत पैसा आहे, पण तो आठ-दहा बायकांच्या बचत गटापुरता आहे. बागाईतदाराची चुरी यातून खपणार नाही. असं का, ते पुढे बघू.

हे आलं कुठून

उत्तर युरोपात डिसेंबरात दिवस चार वाजता मावळतो आणि झाडावर पान नसतं. संत्रं तिथं पिकत नाही, ते स्पेन-इटलीकडून यायचं आणि महाग असायचं. त्यामुळं नाताळला पोराच्या मोज्यात एक संत्रं मिळणं हीच मोठी भेट असे. संत्र्याच्या सालीत लवंगा टोचून ते घरात सुगंधासाठी ठेवायची रीतही जुनी आहे. जर्मनीत नाताळच्या झाडाला सुरुवातीला सफरचंदं, अक्रोड आणि बिस्किटंच टांगत. लाउशा नावाच्या गावात काच फुंकणाऱ्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात काचेचे गोळे काढले, ते जगभर गेले. मग प्लास्टिक आलं आणि आज जगातल्या नाताळ सजावटीचा फार मोठा वाटा चीनमधल्या यिवू या एका शहरातून निघतो.

आता तिकडं लोक परत वाळक्या फळाकडं वळताहेत. हौस आहेच, पण कायद्याचाही रेटा आहे. युरोपीय संघानं 17 ऑक्टोबर 2023 पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. आपल्याकडेही 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्या यादीत सजावटीचं थर्माकोल आहे. गणपतीच्या मखराच्या वेळी याची चर्चा होते, नाताळच्या गोठ्याच्या आणि चांदणीच्या वेळी होत नाही, एवढाच फरक.

आणि फळ टांगणं म्हणजे काही परकी गोष्ट नाही. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. रानातली फळं, सुपारीचे घड, नारळ, सगळं ताजं ताजं टांगलेलं. आपल्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण असतंच. लिंबू-मिरची तर दर शनिवारी.

व्हिडिओतलं संत्रं वेगळं, आपला संत्रा वेगळा

हा मुद्दा रीलमध्ये कोणी सांगत नाही आणि पहिला माल इथंच बिघडतो.

व्हिडिओत दिसतं ते बहुतेक वेळा घट्ट सालीचं, बिनबियांचं गोड संत्रं असतं. आपल्या मोसंबीच्या जातकुळीतलं म्हणा. त्याची साल गराला चिकटलेली असते, त्यामुळं सुरी फिरवली की अखंड गोल चकती निघते आणि वाळल्यावरही गोलच राहते. आपला नागपुरी संत्रा, ज्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो सैल सालीचा. सोलायला सोपा म्हणूनच तर लोकांना आवडतो. पण तोच गुण इथं आडवा येतो. आडवा काप घेतला की साल एकीकडं आणि फोडी दुसरीकडं, शिवाय मधोमध पोकळी. बिया काढाव्या तर भोकं पडतात, ठेवल्या तर वाळताना काळ्या दिसतात.

याला दोन वाटा आहेत.

पहिली म्हणजे फळ निवडून घ्या. साल फुगलेलं, जास्त पिकलेलं फळ बाजूला काढा. टणक, साल अजून घट्ट असलेली चुरी घ्या, रात्रभर थंडीत ठेवा आणि सकाळी धारदार सुरीनं पाच-सहा मिलिमीटर जाडीचे काप करा. त्याहून पातळ केले तर फाटतात, जाड ठेवले तर आतून ओले राहून बुरशी धरतात. तरी काही काप वाया जाणारच. झाडाखाली गळून पडलेलं फळ मात्र वापरू नका. त्यात फळमाशीची अळी किंवा बुरशी असण्याची शक्यता मोठी, आणि ती दुसऱ्याच्या घरात जाऊन बाहेर पडली की पुढच्या वर्षी ऑर्डर विसरा.

दुसरी वाट मला जास्त पटते. सैल साल हीच आपली जमेची बाजू करा. नागपुरी संत्र्याची साल मोठ्या तुकड्यात सहज निघते. ती ताजी असतानाच बिस्किटाच्या साच्यानं चांदण्या कापा, दाभणानं भोक पाडा आणि सपाट राहाव्यात म्हणून दोन जाळ्यांच्या मधे दाबून वाळवा. दाबल्या नाहीत तर वाळताना वळतात. या चांदण्या फुटत नाहीत, त्यात रस नसल्यानं मुंग्या कमी लागतात, आणि उन्हातही दोन-तीन दिवसांत वाळतात. आतला गर खायला किंवा रसाला मोकळा. म्हणजे फळाचे पैसे आधीच वसूल झालेले असतात, साल वरचा नफा.

ज्यांना चकत्याच करायच्या आहेत त्यांनी मोसंबीवर करून बघावं. जालन्याकडं ती भरपूर, आपल्याकडंही आहे. वाळल्यावर ती केशरी दिसत नाही, पिवळी-तपकिरी दिसते, पण गोल टिकते. केशरी सालीच्या चांदण्या आणि पिवळ्या चकत्या एकाआड एक ओवल्या तर तोरण उठून दिसतं.

वाळवणाची गोष्ट

वाळवण आपल्या बायांना शिकवायला नको. कुरड्या, पापड, सांडगे करणाऱ्या हातांना हे अवघड नाही. पण ती सगळी उन्हाळ्याची कामं. नोव्हेंबर-डिसेंबरात दुपारी ऊन कडक असलं तरी रात्री दव पडतं आणि दिवसभर वाळलेला काप सकाळी परत नरम होतो. असं दोन-चार वेळा झालं की रंग काळपट पडतो. म्हणून चकत्यांना नुसतं गच्चीवरचं ऊन पुरत नाही. सोलर ड्रायर किंवा विजेचा ड्रायर लागतो. 55 ते 60 अंशांवर आठ ते बारा तास, मधे एकदा उलटवून. ओव्हनमध्ये 90-100 अंशांवर तीन-चार तासांत होतात, पण नजर हटली की करपतात.

चकती झाली कशी ओळखायची? हाताला चिकटत नाही, वाकवली तर किंचित वाकते, दाबल्यावर ओल सुटत नाही. मग लगेच हवाबंद डब्यात. उघड्यावर ठेवल्या तर मुंग्या येतात आणि मेहनत एका रात्रीत जाते.

सोबत काय ओवायचं यावरही एक सावधगिरी. दालचिनी, लवंग, शेताच्या बांधावरच्या सागाची फुगीर वाळकी फळं, वाळलेली भेंडी, सगळं चालतं. गुंजा घेऊ नका. लाल-काळी गुंज दिसायला सुरेख, पण विषारी आहे आणि ही सजावट लहान पोरांच्या हाताला लागते. मेळघाटसारख्या राखीव जंगलातून काही गोळा करून आणू नका, तो सरळ गुन्हा होतो.

आता आकडे

एका किलोत चुरी साधारण दहा नग धरा. एका नगाच्या दोन्ही टोकांचे काप टाकले तर चांगल्या चार-पाच चकत्या मिळतात. म्हणजे किलोला 45-50. एका तोरणाला बारा चकत्या लावल्या तर एका किलोत चार तोरणं.

आता बागेचा विचार करा. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या एकरी बागेत 110 च्या आसपास झाडं बसतात. झाडाला समजा 500 फळं धरली, तर एका एकरात 55 हजार फळं. चकत्या झाल्या अडीच लाखांच्या वर आणि तोरणं वीस हजारांच्या वर. एका एकराची! एका गावात असे किती एकर आहेत ते तुम्हीच मोजा. वीस हजार तोरणं विकायला गिऱ्हाईक कुठून आणणार? म्हणूनच ‘संत्र्याच्या प्रश्नावर नाताळचा तोडगा’ असं कोणी भाषणात सांगितलं तर टाळी वाजवण्याआधी हा गुणाकार करा. संत्र्याचा प्रश्न रसाच्या कारखान्याचा, शीतगृहाचा आणि निर्यातीचा आहे. तो तिथंच सुटेल.

हेच गणित गटाच्या बाजूनं मांडलं की चित्र बदलतं. गटानं 200 तोरणं करायची ठरवली तर फक्त 50 किलो चुरी लागते, म्हणजे दोन-तीन कॅरेट. घरगुती छोट्या ड्रायरमध्ये एका वेळी दोन किलो बसतं असं धरलं तर 25 घाणे, म्हणजे 25 दिवस. पाचशे वॅटचा ड्रायर रोज दहा तास चालला तर पाच युनिट, महिन्याचे सव्वाशे. युनिट दहा रुपयांनी धरलं तरी वीज साडेबाराशेची. तोरण 150 रुपयांना गेलं तर 30 हजार हातात येतात. त्यातून दालचिनी, सुतळी, डबे, कुरिअर, फुटलेला माल वजा करा. दहा जणींना महिनाभराच्या अर्ध्या वेळच्या कामाचे दोन-अडीच हजार प्रत्येकी राहतील. मोठी रक्कम नाही, पण कापूस वेचून थकलेल्या अंगाला सावलीत बसून मिळालेली आहे. आणि तोरण 150 ऐवजी 80 ला गेलं तर? तर यातलं निम्म्याहून जास्त जातं. हा हिशोब ड्रायर विकणारा माणूस तुमच्यापुढे मांडणार नाही.

कर्ज काढायचं का?

पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण नावातच अन्नप्रक्रिया आहे. तोरण हे अन्न नाही. ड्रायर वर्षातले अकरा महिने काय करणार, हे आधी ठरलं पाहिजे. सालीची पावडर, वाळवलेली भाजी, हळद, आवळा असं काही असेल तर प्रस्तावाला अर्थ आहे आणि मग नाताळची सजावट हे त्याच यंत्रावरचं डिसेंबरचं जोडकाम. तालुका कृषी कार्यालयात जाऊन योजनेची सध्याची मुदत आणि अटी विचारा, एजंटाकडून नको. फक्त तोरणासाठी कर्ज काढून मोठा ड्रायर घेणं मात्र मला तरी परवडणारं दिसत नाही. पहिल्या वर्षी एखादीच्या घरचा ओव्हन किंवा भाड्याचा ड्रायर पुरे.

खाण्याचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. सजावटीच्या पाकिटावर ‘खाण्यासाठी नाही’ असं मराठीत आणि हिंदीत ठळक छापा. नाहीतर कोणीतरी चहात टाकणारच.

गिऱ्हाईक शोधायचं तर लवकर

ख्रिस्ती घरांत तयारी 24 डिसेंबरला सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून आगमनकाळ सुरू होतो, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला. खरेदी तेव्हाच होते. नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये, तिथल्या शाळांत, बेकऱ्यांत आणि हॉटेलांत नमुना सप्टेंबरमध्येच पोचला पाहिजे. त्या वेळी नवं फळ हिरवं असतं, त्यामुळं नमुन्यासाठी फेब्रुवारी-मार्चच्या मृग बहारातलं फळ वाळवून डब्यात जपून ठेवावं लागेल. वसईच्या गावांत आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर-राहुरीकडे मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज मोठा आहे. तिथला नाताळ शहरातल्या मॉलसारखा नसतो. गोठा घरी बांधतात, चांदणी घरी करतात. अशा गिऱ्हाइकाला तयार तोरणापेक्षा सुट्या चांदण्यांचं पाकीट जास्त उपयोगी पडेल, आणि पाठवायलाही ते सोपं.

दिवाळीचं म्हणाल तर ती फळाला रंग चढण्याआधी येते, तो बाजार चांदण्यांना मिळणार नाही. पण डिसेंबर ते फेब्रुवारीतली लग्नं आहेत. मांडवाच्या दाराला, हळदीच्या कार्यक्रमाला केशरी-पिवळं तोरण शोभतं, आणि नाताळला उरलेला माल तिथं निघू शकतो. त्यासाठी मंडप-डेकोरेशनवाल्याला आत्ताच एक तोरण नेऊन दाखवा, फुकट.