‘डोंबिवली फास्ट’मधला एकटा माणूस

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) आम्ही नुकताच दापोड्यात घरच्या मंडळींसह पुन्हा पाहिला. लोकलने मुंबईला जाणारा बँकेतला मध्यमवयीन माधव आपटे थंड पेयाला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदारावर भडकतो, बॅट उचलतो. शेवट त्याच्या मरणाने होतो. संदीप कुलकर्णींनी हा माणूस खरा उभा केला आहे. आम्हीही कारकुनीच करतो. त्याचा संताप कळतो. इथल्या गोदामात ओझी वाहणाऱ्यालाही तो कळेल.

पण आपटे कुणालाच सोबत घेत नाही. ना सहकारी, ना शेजारी. घरी अलका आहे, तिच्याशीही मनातलं बोलत नाही. टाळ्या बॅटला पडतात. मागे संसार ओढायला उरते ती अलका.

वाचकहो, चाळिशीतला हा राग आपल्या वस्तीतही आहे. तो दारूत बुडतो, नाहीतर बायकोवर निघतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे कायद्याने गुन्हा आहे. वजनमापे कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. पहिली सही घरातल्या बाईची असू द्या, म्हणजे आपल्याला काय सलतंय ते तिला तरी कळेल.