दाताचा हिशेब

माझे हे सदर दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचले जाते, हे मला वाचकांच्या पत्रांवरून ठाऊक आहे. काही पत्रांवर तर लाडवाच्या तुपाचे डागही असतात. तेव्हा यंदा फराळाविषयीच लिहितो. गेल्या दिवाळीत एका चकलीने माझा दात घेतला आणि ती चकली मला साठ हजार रुपयांना पडली. एवढी महाग चकली साताऱ्यात दुसऱ्या कोणी खाल्ली असेल असे वाटत नाही.

चकलीचा तसा दोष नव्हता. वरचा, अगदी समोरचा तो दात. बाराव्या वर्षी क्रिकेटच्या चेंडूचा प्रसाद मिळाला, पुढे त्याची नस मेली, मग मुळात औषध भरून वर टोपी बसवली. टोपी झकास दिसत होती. पण टोपीखालच्या माणसाचे वय वाढायचे थांबत नाही. पाडव्याच्या सकाळी चकलीचा तुकडा मोडला आणि ‘कट्ट’ असा खणखणीत आवाज आला. “काय खुसखुशीत झालीय!” असे मी म्हणालो. सौभाग्यवती प्रसन्न झाल्या. मग माझ्या हातात चकली आली आणि तिच्यासोबत अर्धा दातही आला.

पोवई नाक्याजवळ ज्या दंतवैद्य बाईंकडे गेलो, त्या माझ्याच विद्यार्थिनी निघाल्या. बारावी विज्ञान, मराठीत चोपन्न गुण. “सर, तोंड उघडा,” त्या म्हणाल्या. जिला मी दोन वर्षे तोंड बंद ठेवायला सांगत होतो, तिने अखेर सूड उगवला! छायाचित्र काढल्यावर कळले की मूळच उभे चिरले आहे. दात काढण्यावाचून गत्यंतर नाही.

पुढे तीन वाटा होत्या. पहिली, काढघालीची एका दाताची कवळी, चार हजार. दुसरी, शेजारचे दोन दात कोरून त्यांच्या आधाराने तीन दातांचा पूल, एकवीस हजार. तिसरी, हाडात टायटेनियमचा स्क्रू रोवून त्यावर दात, म्हणजे इम्प्लांट. बाईंनी हिशेब कागदावर मांडून दिला: दात काढणे 1,500, मधल्या काळातला तात्पुरता दात 2,500, जबड्याचा स्कॅन 2,500, स्क्रू 30,000, हाड भरायची भुकटी 9,500, वरचा दात 14,000. एकूण 60,000. पूल वाईट नाही, पुष्कळांचे वर्षानुवर्षे छान चालते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. “पण सर, तुमचे शेजारचे दोन्ही दात निरोगी आहेत. ते कोरायला माझा हात धजत नाही.”

मी विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. पगार बावीस हजार. म्हणजे एका दातात पावणेतीन महिन्यांचे व्याकरण, निबंध आणि पत्रलेखन गेले! आरोग्यविम्याची पॉलिसी उघडून पाहिली, तर अपघाताखेरीज दातांच्या खर्चाला त्यात जागा नव्हती. चकलीला अपघात म्हणता येईल का, असा विचार क्षणभर मनात आला. पण अर्जात ते कोणत्या शब्दांत लिहावे हे मराठीच्या प्राध्यापकालाही सुचले नाही.

आता खरे सांगतो. आकडा ऐकून मला जितके वाईट वाटले, तितकेच आत कुठेतरी बरेही वाटले. कारण मला दंतवैद्याच्या खुर्चीचे भय आहे. त्या यंत्राची घरघर ऐकली की माझ्या तळव्यांना घाम फुटतो. पण सेहेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने ‘मला भीती वाटते’ असे म्हणायचे कसे? ‘परवडत नाही’ हे मात्र चारचौघांत ताठ मानेने म्हणता येते. भीतीला पैशासारखी दुसरी छत्री नाही. घरात पैशाचा मार्ग निघू लागला की मला यंत्र आठवे, आणि बाई धीर देऊ लागल्या की पगार आठवे. असे आठ दिवस मी त्या दोन छत्र्या आलटून पालटून वापरल्या.

शेवटी दात काढला. बधिर केल्यावर दुखले नाही; नुसता दाब जाणवला. तात्पुरता दात पट्टीवर बसवून मिळाला. एके दिवशी तो घरी वाटीतच राहिला आणि मी वर्गात ‘तत्सम आणि तद्भव’ हा पाठ घ्यायला उभा राहिलो. वाचकहो, जीभ दातांच्या मागे टेकते तेव्हा त, थ, द, ध उमटतात, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर चित्र काढून शिकवत आलो आहे. ‘चारा’ आणि ‘चार’ यांतल्या दोन च-कारांचा भेद तर माझा आवडता विषय. त्या दिवशी ‘तत्सम’ म्हणताना ‘त’ जाडाभरडा झाला आणि ‘स’मधून चक्क शीळ निघाली. मुले मोठ्याने हसली नाहीत, एवढे त्यांचे उपकार. पण त्यानंतर आठवडाभर तोंडावर हात ठेवून शिकवताना मला कळले की माझे पोट याच फटीतून गळू शकते.

पैशाचे काम सौभाग्यवतींनी केले. त्या पतसंस्थेत नोकरी करतात. तिथल्या दहा जणींची दरमहा चार हजारांची भिशी आहे. जानेवारीत आमचा नंबर होता. चाळीस हजार स्वयंपाकघराच्या गळक्या छतासाठी ठरलेले. “छत एक पावसाळा थांबेल,” त्या म्हणाल्या, “तुमचे तास थांबणार नाहीत.” उरलेले वीस हजार बाईंनी टप्प्याटप्प्याने घ्यायचे कबूल केले. माझी एक छत्री मिटली.

दुसरी मिटवायला मी थोडे वाचन केले. ही विद्या कशी जन्मली, हे मोठे मौजेचे आहे. 1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची छोटी कुपी बसवून हाडातले रक्ताभिसरण पाहत होते. काम संपल्यावर कुपी काढायला गेले, तो ती निघेना! हाडाने तिला आपलीच मानली होती. 1965 साली गोथेनबर्ग येथे त्यांनी येस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. जन्मतःच जबड्यात व्यंग असलेला हा माणूस ते दात 2006 साली मरेपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ वापरत होता. तरी दंतवैद्यकाच्या जगाने हे मनापासून मान्य करायला 1982 ची टोरोंटोची परिषद उजाडावी लागली. चांगल्या गोष्टीलाही रुजायला वेळ लागतो. मग माझ्या हाडाला चार-पाच महिने लागले तर काय नवल?

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. घरघर होती, पण मला वाटले होते त्याहून सावकाश. हाड तापता कामा नये म्हणून यंत्र हळू फिरवतात आणि त्यावर सतत खारे पाणी सोडतात. 47 अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापले तरी हाडाच्या पेशींना इजा होते, असे बाईंनी आधीच समजावले होते. शेवटी सुताराने स्क्रू पिळावा तसा तो छोट्या पान्याने पिळला. मला दुखले नाही; कवटीत कुणीतरी फर्निचर हलवीत आहे एवढेच वाटले. रात्री ठणका लागला, तो गोळीने थांबला. दोन दिवस ओठ सुजला होता. बस्स. आठ दिवस ज्याच्यासाठी छत्र्या धरल्या, तो पाऊस एवढाच होता.

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती लिहिली नसती.

दात काढल्यानंतरच्या दिवसांतली गोष्ट. तुळशीचे लग्न व्हायचे होते, डब्यात चकल्या शिल्लक होत्या आणि मी डब्याकडे आशाळभूतपणे पाहत होतो. माजघरातून खलबत्त्याचा आवाज आला. आई चकली कुटत होती. तिने तो चुरा दह्यात कालवला, एक वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “ये, बैस. आता तू माझ्या पंगतीला आलास.”

मी ती वाटी हातात धरून बसून राहिलो. आईचे सगळे दात बारा वर्षांपूर्वी काढले. वरची कवळी ती वापरते. खालची डब्यात असते. लग्नकार्यात फोटोपुरती बाहेर निघते. खालच्या कवळीला मुळातच पकड कमी, जीभ तिला उचलते, आणि दात गेल्यावर जबड्याचे हाडही वर्षागणिक झिजत जाते. म्हणून ती अधिकच सैल होते. हे सारे मला माझ्या एका दाताच्या निमित्ताने कळले. आईला बारा वर्षे ते अनुभवाने ठाऊक होते. तिने कधी सांगितले नाही. पण मी तरी कधी विचारले होते?

याहून लाजेची गोष्ट पुढे आहे. तीन वर्षांपूर्वी याच पानावर मी ‘आईला मऊ भात फार आवडतो’ असे कौतुकाने लिहिले होते. जुन्या पिढीची साधी राहणी वगैरे चार वाक्येही जोडली होती. कित्येकांना तो लेख आवडला. आज ती वाक्ये मी परत घेतो. आईला मऊ भात आवडत नाही. तिला भाकरी आवडते, पापुद्र्याच्या बाजूने भाजलेली, सोबत भाजलेले शेंगदाणे. ती भात खाते, कारण तो चावावा लागत नाही.

जूनअखेर माझा दात बसला. पावसाळाभर स्वयंपाकघरात गळतीखाली पातेले ठेवले होते. त्याचे टपटप ऐकत मी एक दिवस बाईंना आईविषयी विचारले. त्या म्हणाल्या, सगळे दात बसवायची गरज नाही. खालच्या जबड्यात पुढे दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांवर अडकवायची, ब्लाउजला प्रेसबटन लावावे तशी. रात्री काढायची, धुवायची. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खाली एकही दात नसलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे म्हटले आहे. नव्या कवळीसह खर्च पंच्याहत्तर हजार. आईची साखर थोडी वाढलेली असते. ती आधी ताब्यात आणायची, मग स्कॅन, मग बाकीचे.

घरी येऊन आईला सांगितले. ती उसळलीच. “पंच्याहत्तर हजार? अरे, तुझं पोट तुझ्या बोलण्यावर आहे. माझं काय अडलंय? त्या पैशात छत होईल.”

“बारा वर्षं अडलंय, आई.”

“या वयात कशाला नसते खर्च!”

मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तांदूळ निवडता निवडता ती सहज विचारावे तसे म्हणाली, “ते यंत्र घरघरतं म्हणे. किती वेळ?”

आणि मी ओळखले. ही छत्री माझ्या चांगल्या परिचयाची होती.

मग मी तिच्याशेजारी बसलो आणि सगळे खरे खरे सांगितले. सुई कुठे टोचते, दाब कसा येतो, ठणका कधी लागतो, सूज किती दिवस राहते. ‘काही होत नाही’ असे एकदाही म्हटले नाही. काय काय होते, तेच सांगितले. माझ्या साठ हजारांतला सर्वांत उपयोगी पडलेला भाग कोणता, असे विचाराल तर तो हा. मला आईपुढे त्या खुर्चीची वाट ओळखीच्या माणसासारखी दाखवता आली. तांदूळ निवडून झाल्यावर ती म्हणाली, “बरं. साखर तर तपासू.”

साखर उतरते आहे. भिशी नव्याने सुरू झाली आहे. आमचा नंबर फाल्गुनात. छत आणखी एक पावसाळा थांबेल. पातेले आहेच.

यंदा चकली मी पुढच्या दाताने तोडत नाही; हाताने मोडून दाढेखाली घालतो, तशी बाईंची ताकीद आहे. माजघरात खलबत्ता अजून वाजतो आहे. पुढच्या दिवाळीला तो वाजू नये, एवढीच माझी लक्ष्मीपूजनाची मागणी आहे.

आणि वाचकहो, अंक मिटण्यापूर्वी एक करा. आपल्या घरातले जे वडीलधारे माणूस ‘मला नको, तुम्ही खा’ असे म्हणत चकलीचे ताट पुढे सरकवते, त्याला ती खरोखर नको आहे का, एवढे एकदा विचारा. मला विचारायला बारा वर्षे लागली.