आमच्या चुलीचे माहेर

परवा घरी चकल्यांचा घाणा चालू होता. नेरूळच्या आमच्या घरात आता नळाचा गॅस आहे. तरी आई दर दहा मिनिटांनी वाकून ज्योत पाही. बिचारीचे आयुष्य कोळशाची शेगडी, रॉकेलचा फरफरणारा स्टो आणि ऐन सणात संपणारे सिलिंडर यांत गेलेले!

"अरे, हा गॅस येतो तरी कुठून?" तिने विचारले.

मी ऐटीत म्हणालो, "नळीतून."

"ते मलाही दिसतंय. नळीत कुठून येतो?"

वाचकहो, उत्तर आमच्या शेजारीच, उरणला आहे. 1974 च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली तेल शोधले. तेलाबरोबर निघणारा वायू नळांवाटे उरणच्या किनाऱ्याला येतो. त्यातून प्रोपेन आणि ब्यूटेन वेगळे काढून दाबाखाली द्रवरूप केले की झाला सिलिंडरचा गॅस. नळातून येतो तो मुख्यतः मिथेन. तोच हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाने भरला की रिक्षा धावते. चूल, सिलिंडर, रिक्षा ही अशी एका माहेरची भावंडे! आता परदेशाहून आलेला वायूही त्यांच्या मदतीला असतो.

भावंडांचे स्वभाव मात्र वेगळे. मिथेन हवेपेक्षा हलका, वर चढतो. सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साचतो. दोघांनाही मूळचा वास नाही. तो आपल्याला सावध करण्यासाठी मुद्दाम मिसळतात. वास आला की खिडक्या उघडाव्यात, गॅसची कळ बंद करावी, आणि विजेचे बटण लावूही नये, बंदही करू नये.

हे सांगताना मला 3 सप्टेंबर 2019 आठवला. त्या सकाळी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली. चौघांचा बळी गेला. त्यांतले तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन पथकातले जवान होते. वायूचा पुरवठा घटला, पण घरच्या चुलींना आधी गॅस देण्याचे ठरले. रिक्षा मिळेना म्हणून मी चरफडत पायी घरी आलो, तर चहा उकळत होता. तो कसा उकळतो आहे, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

आईने सारे मुकाट्याने ऐकले. संध्याकाळी पणत्या लावताना एक वेगळी काढून तिने खिडकीत ठेवली.

"ही त्या पोरांची," ती म्हणाली, आणि गॅस बारीक करायला आत गेली.