मधल्या सोन्याच्या टिकल्या

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. वाक्य दिसले की तो आधी त्यातला कर्ता शोधतो. मग ते वाक्य पेढ्यांच्या खोक्यावरचे असो की एस. टी.च्या पाठीवरचे! अलीकडे मला असे एक वाक्य भेटले की, त्याचा कर्ता पाहून मी ते लिहिणाऱ्या अनाम गृहस्थाला मनातल्या मनात नमस्कार केला. हे वाक्य कोणा साहित्यिकाचे नव्हे. लेन्स बदलता येते अशा कॅमेऱ्यांच्या पाठीवर चिमुकला पडदा असतो, त्यावर ते कधीमधी उमटते. असते इंग्रजीत, मराठीत त्याचा भावार्थ सांगायचा तर, 'कॅमेरा आणि लेन्स यांच्यातला संवाद बिघडला आहे. लेन्सचे कॉन्टॅक्ट पुसा.'

पाहा बरे! 'कॅमेरा बिघडला' असे ते म्हणत नाही आणि 'लेन्स बिघडली' असेही म्हणत नाही. कर्ता आहे 'संवाद'. दोष दोघांपैकी कोणाच्याच पदरात न घालता दोघांच्या मधल्या जागेवर ठेवला आहे. घरोघरच्या भांडणांत असे वाक्य किती जणांना सुचते, हे वाचकांनी आपापल्या घरी आठवून पाहावे.

तुम्ही म्हणाल, कॅमेरा आणि लेन्स दोन्ही निर्जीव. त्यांचा कसला आला आहे संवाद? एके काळी तो खरोखरच नव्हता. आमच्या नाशिकचेच उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली विलायतेला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे बिऱ्हाड आणि बाडबिस्तरा नाशकात आला, आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी आपल्या मंदाकिनी या लेकीलाच बाळकृष्ण केले. त्या काळच्या अशा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. लेन्स पुढे मुकाट बसलेली. उजेड किती आत घ्यायचा ते माणसाने ठरवायचे, अंतर माणसाने लावायचे, दांड्याचा वेगही माणसानेच सांभाळायचा. लेन्सचा निरोप कॅमेऱ्याला पोचवणारा मधला माणूस म्हणजे तो कॅमेरा चालवणारा. निरोप चुकला तर कोणाचा कान धरायचा, हा प्रश्नच नव्हता!

मग हळूहळू हे निरोप्याचे काम यंत्राने अंगावर घेतले. १९५९ साली आलेल्या 'निकॉन एफ' कॅमेऱ्यात बटण दाबताक्षणी एक तरफ हले आणि लेन्समधले ॲपर्चर, म्हणजे उजेडाची खिडकी, ठरल्याइतकी बारीक होई. हे बोलणे नव्हे, कोपराने ढोसून खूण करणे झाले. १९८७ साली कॅनन कंपनीने आपल्या ईओएस कॅमेऱ्यांत तरफा आणि दांडे साफ काढून टाकले. फोकसची मोटार लेन्सच्या पोटात गेली, ॲपर्चरही विजेवर चालू लागले, आणि दोघांमध्ये उरल्या त्या सोन्याचा मुलामा दिलेल्या काही टिकल्या. बनावटीप्रमाणे सात, आठ, दहा किंवा अधिक. लेन्स काढून तिच्या पाठीमागे पाहिलेत तर कडेला ओळीने बसलेल्या दिसतील. समोर कॅमेऱ्याच्या तोंडात तेवढ्याच बारीक स्प्रिंगवरच्या पिना.

या टिकल्यांनी कामे वाटून घेतलेली असतात. एकीतून मोटारीला वीज जाते, दुसरीतून लेन्समधल्या चिमुकल्या मेंदूला. एकीतून कॅमेरा बोलतो, दुसरीतून लेन्स उत्तर देते. आणखी एक टिकली असते ती नुसता ठेका धरते. त्या तालावर दोघांनी बोलायचे. कॅमेरा विचारतो, 'तू कोण?' लेन्स आपले नाव सांगते, झूम कुठे आहे ते सांगते, खिडकी जास्तीत जास्त किती उघडते ते सांगते. ही प्रश्नोत्तरे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आटोपतात. मात्र त्यांतली एक टिकली जरी मळली तरी ठेका चुकतो आणि पडद्यावर ते वाक्य येते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी ते आले. पंचवटीत त्याच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ. कॅमेरा वडिलांचा, लेन्स पोराने हप्त्यांवर घेतलेली, तीही जुनी आणि दुसऱ्या कंपनीची. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू, पहिलेच मोठे लग्न आठ दिवसांवर, आणि दर दहा-बारा फोटोंनंतर कॅमेरा मुका! एका दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडावी लागेल म्हणून जो आकडा सांगितला तो चार हप्त्यांएवढा होता. पोरगा माझ्याकडे आला तो पुस्तक परत करण्याच्या निमित्ताने.

"सर, अण्णांचा कॅमेरा म्हातारा झालाय. पण सांगणार कोण?"

संध्याकाळी मी स्टुडिओत गेलो तर अण्णांची फिर्याद तयार.

"अहो सर, दुसऱ्याच्या घरची लेन्स आणली याने. बोलणार कशी ती? विकून टाक म्हटलं, नि सातपूरला एखादी नोकरी धर. तर आज तीन दिवस जेवायलासुद्धा माझ्याबरोबर बसत नाही."

विजेच्या यंत्रातले मला काय कळणार? पण आमच्या शास्त्रात एक जुने हत्यार आहे, अन्वय-व्यतिरेक. हे असले की ते घडते का, आणि हे नसले की ते घडत नाही का, हे आळीपाळीने पाहायचे. मी म्हटले, दोघांची अदलाबदल तर करून पाहू. अण्णांच्या कॅमेऱ्याला अण्णांचीच जुनी लेन्स लावली. पन्नास फोटो काढले, तक्रार नाही. मग पोराची लेन्स त्याच्या मित्राच्या कॅमेऱ्याला लावली. विसाव्या फोटोला तेच वाक्य! अण्णांचा चेहरा उजळला, पोराचा पडला.

खटला इथेच निकालात निघाला असता. पण पडद्यावरच्या त्या वाक्याचा उत्तरार्ध अजून कोणी वाचलाच नव्हता: 'कॉन्टॅक्ट पुसा.' लेन्स काढून खिडकीशी धरली. टिकल्यांवर एक पिवळसर, चिकट साय! आदल्याच आठवड्यात बापलेक एका हळदीच्या समारंभाला गेले होते. गर्दीत लेन्स काढा-घालायची, हात तेला-हळदीचे. कोणाच्या बोटांची ती हळद, हे टिकल्यांवर लिहिलेले नव्हते आणि मीही विचारले नाही.

अण्णांनी न बोलता कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली. धुतलेल्या मऊ सुती कापडाने टिकल्या आडव्या पुसल्या. डाग हटेना तेव्हा कापडाच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावला; थेंब कापडावर, लेन्सवर नव्हे. पॉलिश पेपर नाही, नख नाही, खोडरबर नाही. सोन्याचा तो मुलामा केसाहून पातळ, एकदा खरवडला की गेला. कॅमेऱ्याच्या पिना पुसताना पोराने कॅमेरा तोंड खाली करून धरला, म्हणजे धूळ आत पडायला नको. तीन दिवसांत दोघांनी मिळून केलेले ते पहिले काम असावे. सगळे कोरडे झाल्यावर लेन्स 'कट्' आवाज येईपर्यंत फिरवून बसवली. शंभर फोटो झाले. ते वाक्य काही उमटले नाही.

"हप्ते किती राहिले रे?" अण्णांनी विचारले. त्यानंतर तिथे माझे काही काम नव्हते.

आता, दर वेळी कापडाने भागते असा समज मी करून देणार नाही. लेन्सच्या पोटात कागदासारखी पातळ रिबनची वायर असते. झूम करताना ती दर वेळी वाकते आणि कधीतरी तुटते. खूण अशी की, झूमच्या ठराविकच जागी तक्रार येते. ॲपर्चर पूर्ण उघडे असताना फोटो निघतो आणि बारीक केले की अडतो, तर दुखणे बहुधा त्या खिडकीच्या यंत्रणेत. तिथे जाणत्या कारागिराकडेच जावे. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये कन्व्हर्टर किंवा ॲडॅप्टर असेल तर आधी तो दुभाष्या बाजूला काढून पाहावा. लेन्स दुसऱ्या कंपनीची आणि कॅमेरा तिच्यानंतरचा असेल तर भाषाच बदललेली असू शकते. लेन्सच्या कंपनीने तिच्यासाठी नवे सॉफ्टवेअर दिले आहे का ते पाहावे. आणि कित्येक निकॉन कॅमेऱ्यांवर जुनी कडीवाली लेन्स लावल्यावर काही अक्षरे लुकलुकू लागली, तर घाबरू नये. लेन्सवरची ॲपर्चरची कडी सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन अडकवली की पुष्कळदा सगळे सुरळीत होते.

आमच्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर २०२० साली रामसर यादीतले म्हणून जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिलेच. थंडीत पहाटे तिथे पक्ष्यांचे फोटो काढायला पुष्कळजण जातात. निफाडची थंडी म्हणजे चेष्टा नव्हे! गारठलेला कॅमेरा घरी आणून एकदम उबेत उघडला की त्यावर दव धरते, काचेवर आणि टिकल्यांवरही. तासभर बॅग बंदच ठेवावी.

एवढे सगळे लिहून झाल्यावर मला वाटते ते इतकेच की, मोठी बेरीज करण्याआधी लहान गोष्ट पाहावी. आधी बॅटरी, मग बसवणी, मग टिकल्या, मग अदलाबदल, आणि सर्वांत शेवटी कारागीर. हा क्रम उलटा केला की खिसा रिकामा होतो आणि कधीकधी माणसेही दुरावतात. दोघांपैकी कोण वाईट हे ठरवण्याची घाई नको. मधली जागा स्वच्छ आहे का ते आधी बघावे. त्याला कापडाखेरीज फारसा खर्च नाही.

दिवाळीत घरोघर कॅमेरे बाहेर निघतील. फोटो भरपूर काढा. मात्र फराळाच्या ताटावरून उठून लेन्स बदलायची असेल, तर आधी हात साबणाने धुवा. चिवड्यातही तेल आणि हळद दोन्ही असतात!