लाकडाला करडा कलप

"आम्ही काही उन्हात केस पांढरे केलेले नाहीत" हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात कोणी मोठं होत नाही. लाकडाचं मात्र उलटं आहे. त्याचे केस उन्हातच पांढरे होतात. उन्हात, पावसात, खाऱ्या वाऱ्यात, आणि स्वतःच्या वेळेने.

हे आठवायचं कारण म्हणजे इथे मॅसॅच्युसेट्समध्ये घराच्या बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा एक माल. त्याला 'प्री-वेदर्ड' म्हणतात. म्हणजे आयतं रापलेलं लाकूड. कारखान्यातून निघतानाच करडं, चंदेरी, थोडं खरखरीत. भिंतीवर ठोकलं की घर पहिल्याच दिवशी समुद्रकाठी चाळीस वर्षं काढल्यासारखं दिसतं. आपल्याकडे लोक पांढऱ्यावर काळा कलप लावतात, इथे पिवळ्यावर करडा. कलप लावणाऱ्या माणसाची मला दया येते, राग येत नाही. या लाकडाचा मात्र राग येतो, आणि तो का येतो हे जरा सविस्तर सांगायचं आहे.

आधी लाकूड करडं का होतं ते बघू. लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन असतं. उन्हातले अतिनील किरण पृष्ठभागावरचं लिग्निन मोडतात. मोडलेलं लिग्निन पावसाच्या पाण्याने धुऊन जातं, आणि वर उरतात फिकट तंतू. ओलाव्यावर जगणारी बारीक काळपट बुरशी त्यात आपला रंग मिसळते. या सगळ्याचा मिळून तो चंदेरी करडा होतो. थर अगदी पातळ असतो. रंधा एकदोनदा फिरवला की खालून पुन्हा पिवळंधमक लाकूड निघतं. देवदार-पाइनसारखी मऊ लाकडं अशी उघडी ठेवली तर साधारण शंभर वर्षांत सहा मिलिमीटर झिजतात. म्हणजे हा करडा रंग हे कुजण्याचं लक्षण नाही. पाणी साचू दिलं नाही तर त्या भिंतीला पिढ्यान् पिढ्या काही होत नाही.

आता यातली गंमत बघा. ऊन आणि पाऊस दोन्ही लागतात, आणि घराच्या चार भिंतींना ते सारखे कधीच मिळत नाहीत. वळचणीखालची पट्टी वर्षानुवर्षं तपकिरी राहते, कारण तिथे पाऊस पोचत नाही. खिडकीच्या पाटाखाली पागोळ्यांचे ओघळ उमटतात. डोंगराळ कोरड्या हवेत तर दक्षिणेची भिंत करडी होतच नाही, ती भाजल्यासारखी गडद तपकिरी होते. स्वित्झर्लंडमध्ये सुमविट्गला पीटर झुमथोर या वास्तुकाराने बांधलेलं सेंट बेनेडिक्टचं छोटं चॅपल आहे. जुनं चॅपल १९८४ साली हिमकड्याखाली गेलं, त्याच्या जागी हे १९८८ साली पूर्ण झालं. आकार पानासारखा, आणि सबंध भिंतीला लार्चच्या लाकडाच्या छोट्या फळ्या, ज्यांना शिंगल्स म्हणतात. आज ते चॅपल उत्तरेकडून चंदेरी आहे आणि दक्षिणेकडून जवळजवळ काळसर. एकाच झाडाचं लाकूड, एकाच वर्षी लावलेलं! होकायंत्र नसलं तरी त्या भिंतीभोवती एक फेरी मारून दिशा सांगता येतील.

आयत्या करड्या फळीवर हे काहीच नसतं. चारी बाजूंना एकच छटा, वळचणीखालीसुद्धा. जिथे पावसाचा थेंब पोचू शकत नाही तिथेही पावसाने धुतलेला रंग! खोटेपणा तिथेच उघडा पडतो, पण बघायला वेळ कोणाला आहे म्हणा.

आमच्याकडे या रंगाची पंढरी म्हणजे केप कॉड आणि त्याच्या खालचं नॅन्टकेट बेट. नॅन्टकेटला लाडाने 'ग्रे लेडी' म्हणतात, धुक्यामुळे आणि या करड्या भिंतींमुळे. माझे बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना केप कॉड दाखवायला नेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची लाखो डॉलर्सची बिनरंगाची घरं बघून त्यांनी विचारलं, "रंगाला पैसे उरले नाहीत वाटतं यांच्याकडे?" आम्ही हसलो. पण बाबांचं म्हणणं इतिहासाला धरूनच होतं. तिथल्या जुन्या घरांत पुष्कळदा रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीला गुळगुळीत आडव्या फळ्या मारून रंग देत, आणि बाजूच्या व मागच्या भिंतींना सीडरच्या शिंगल्स ठोकून तशाच सोडून देत. तोंडाला पावडर, पाठीला काही नाही. सीडरमध्ये कुजण्याला विरोध करणारी द्रव्यं मुळातच असतात, म्हणून रंगाचा खर्च वाचत असे. तो करडा रंग कोणी निवडला नव्हता, पैसे वाचवल्यावर तो आपोआप मिळाला होता. मग कधीतरी लोकांना तो सुंदर वाटू लागला, आणि तो आहेही सुंदर.

आणि इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. बिनरंगाच्या लाकडाचा सगळा मोठेपणा हा की त्याला काही करावं लागत नाही. ना घासणं, ना डबे, ना परांची. आयत्या करड्या फळीवर बहुतेक वेळा असतो तो रंगद्रव्याचा थर. रंगद्रव्य म्हटलं की ते फिकं पडणार, धारेवर उडणार, आणि काही वर्षांनी पुन्हा लावावं लागणार. म्हणजे ज्या भिंतीला आयुष्यात ब्रश लागायला नको होता तिला तुम्ही रंगवायची भिंत करून टाकलीत, आणि तीही कशासाठी, तर न रंगवल्यासारखी दिसावी म्हणून! हा व्यवहार मला अजून कोणी समजावून देऊ शकलेलं नाही. विकणाऱ्याला तो नीट समजलेला आहे.

सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाही. नॉर्वेत लोक लाकडाला हिराकसाचं पाणी लावतात. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. लाकडातल्या टॅनिनशी त्याची गाठ पडली की करडा-काळा रंग धरतो. आपल्या रंगाऱ्यांना हे नवीन नाही, हिरडा आणि लोह एकत्र आणून कापड काळं करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. केप कॉडला ब्लीचिंग ऑइल लावतात, तेही त्याच गोत्रातलं. या दोन्ही प्रकारांत रंग लाकूड, ऊन आणि पाणी मिळूनच धरतात. औषध फक्त सुरुवात करून देतं, पुढे खरा करडा येतो आणि उसना त्याच्यात विरून जातो. पुन्हा लावावं लागत नाही. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते तारेच्या ब्रशने शिरा उकरून, खोटी खिळ्यांची भोकं पाडून, वर करडा लेप देऊन विकलेल्या फळीशी. आणि त्याहून जास्त, सीडरचा छाप मारलेल्या करड्या प्लॅस्टिकशी. त्यावरच्या शिरा नीट बघा, दर काही फुटांवर तीच गाठ, तीच शीर पुन्हा येते.

यावर उत्तर ठरलेलं असतं: "अहो, पण मधली वर्षं फार वाईट दिसतात." दिसतात, खरं आहे. पहिली दोनतीन वर्षं भिंत डागाळलेली, अर्धी पिवळी अर्धी राखाडी, दाढी वाढवायला घेतलेल्या माणसासारखी दिसते. पण त्या दोनतीन वर्षांच्या संकोचापायी पुढची तीस-चाळीस वर्षं रंगाऱ्याच्या हवाली करायची? बाकी कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी वणव्याच्या पट्ट्यात कोणी लाकडाऐवजी सिमेंटच्या फळ्या लावत असेल तर मी तोंड उघडणार नाही. तिथे प्रश्न जीवाचा आहे. फक्त सिमेंटने सिमेंटसारखं दिसायला काय हरकत आहे, एवढंच.

हे सगळं मी आताच का उगाळतो आहे? आमच्या वसाहतीत चौदा घरं आहेत, सगळ्यांना बाहेरून सीडरच्या शिंगल्स. शेजारी एक आजोबा राहतात, एकटेच. दर उन्हाळ्यात ते शिडी लावून आपल्या भिंतीवरच्या चिरलेल्या शिंगल्स काढतात आणि नव्या ठोकतात. त्यामुळे त्यांची भिंत गोधडीसारखी झाली आहे. जुन्या चंदेरी शिंगल्समध्ये गेल्या वर्षीच्या तपकिरी आणि यंदाच्या कोऱ्या पिवळ्या. कोणत्या उन्हाळ्यात किती काम झालं ते रस्त्यावरून मोजता येतं. वसाहतीच्या कमिटीने त्यांना पत्र पाठवलं की तुमची भिंत 'एकसारखी' दिसत नाही. पाठोपाठ प्रस्ताव आला की चौदाही घरांच्या शिंगल्स उतरवून आयत्या करड्या फळ्या बसवाव्यात, खर्च प्रत्येकाने उचलावा. चांगल्या, कोरड्या, अजून कित्येक वर्षं टिकणाऱ्या शिंगल्स उतरवून कचऱ्यात, आणि त्यांच्या जागी त्यांचीच नक्कल! मी कमिटीतल्या बाईंना विचारलं की कारण काय. त्या म्हणाल्या, घर विकताना गिऱ्हाइकाला दुरुस्ती दिसू नये.

मला तर अशी घरं दाखवणाऱ्या एजंटने आधी आजोबांचीच भिंत दाखवावी असं वाटतं. ज्या घराची दुरुस्ती दिसते त्या घराकडे कोणाचं तरी लक्ष आहे, याहून चांगली जाहिरात कोणती?

आणि हा शौक फक्त नक्कल करून थांबलेला नाही. खऱ्या रापलेल्या लाकडालाही त्याने किंमत आणली आहे. अमेरिकेतल्या शेतांवरची जुनी धान्याची कोठारं, म्हणजे बार्न, त्यांच्या करड्या फळ्यांसाठी उतरवली जातात आणि त्या फळ्या कॉफीच्या दुकानांच्या भिंतींना लागतात. पडायला आलेलं कोठार असेल तर फळ्या वाचल्या म्हणायचं. पण उभं असलेलं? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सी रँच इथे १९६५ साली चार्ल्स मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरं बांधली, तेव्हा त्यांनीही त्या किनाऱ्यावरच्या कोठारांकडेच पाहिलं होतं. पण त्यांनी कोठारं उतरवली नाहीत आणि त्यांचा रंगही उसना घेतला नाही. नव्या रेडवुडच्या उभ्या फळ्या मारल्या, रंग न देता सोडल्या, आणि बाकीचं समुद्रावर सोपवलं. १९९१ साली अमेरिकन वास्तुकारांच्या संस्थेने त्या इमारतीला पंचवीस वर्षं टिकून राहिलेल्या कामासाठीचा पुरस्कार दिला, तोवर समुद्राने आपलं काम केलेलं होतं. (पुण्यातले वाडे पाडून त्यांचे सागवानी खांब हॉटेलांत उभे केलेले पाहिले की मला ही कोठारं आठवतात. तो विषय निघाला तर हा लेख संपणार नाही, म्हणून कंसातच ठेवतो.)

वसाहतीची सभा पुढच्या आठवड्यात आहे. चौदातली पाच मतं आमच्या बाजूने आहेत, आठ लागतील. आजोबांनी सभेला यायचं कबूल केलं आहे, पण बोलणार नाही म्हणाले, म्हणून बोलायचं माझ्याकडे आलं आहे. वर लिहिलेलं सगळं तिथे कोणी ऐकून घेणार नाही. झुमथोर तर नाहीच नाही :) म्हणून मी एकच गोष्ट मागणार आहे. कंत्राटदाराने हमीच्या कागदावर लिहून द्यावं की हा करडा रंग दर किती वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल, आणि तेव्हा चौदा घरांना मिळून किती खर्च येईल. माहितीपत्रकात चोवीस पानं आहेत. मी ती दोनदा वाचली, त्यात हा आकडा नाही.